कपातीचं कपट

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पाण्यात काहीतरी घालतं. गेल्या वर्षी मतदारांना सुस्त करणारं औषध होतं. त्याच्या आदल्या वर्षी टाकीत सोडलेली पावडर होती, जिची माहिती एका डॉक्टरनं म्हणे जिवावर उदार होऊन दिली होती. पावडरीला लांबलचक नाव होतं, डॉक्टरला नव्हतं. मी हे सगळं वाचते, अंगठ्यानं वर सरकवते आणि चहा गाळते. किळस येण्याचीही माणसाला सवय होते.

या वर्षी मात्र गाळणी हातातच राहिली. मेसेज असा होता: ‘पाण्यात विष टाकले. कपट. बलराम यांना सांगितले आहे. निवडणुकीआधी सर्वांना कळवा.’ खाली कुणीतरी विचारलं होतं, हा बलराम कोण? दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं होतं, मोठा माणूस आहे, दिल्लीतला. मी गॅस बंद केला आणि ते वाक्य तीनदा वाचलं. त्यातला बलराम दिल्लीतला नव्हता, इथल्याच गोडदेव गावचा होता. आणि ते वाक्य माझं होतं. तेवीस वर्षांची असताना, पेणकरपाड्याकडे वळणाऱ्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून मी ते माझ्या हातांनी टाइप केलं होतं.

तेव्हाही एप्रिलच होता. फोनला बटणं होती आणि इंटरनेट तासावर मिळायचं. पूनम सागर या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही नवेच होतो. बाबांनी रिटायर झाल्यावर गिरगावातली जागा सोडून इथं तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि माहितीपत्रकातली ‘चोवीस तास पाणी’ ही ओळ ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत असत, आधी अभिमानानं आणि नंतर पुरावा म्हणून. पाणी दिवसाआड पाऊण तास यायचं. त्या पाऊण तासात घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. निळी पिंपं, कळशा, बादल्या, कुकर. आईनं एकदा इडलीपात्रसुद्धा भरलं होतं, साच्यासकट. दुपारी खाडीकडून वारा सुटला की ओठांवर खारट चव यायची. मिठागरांत तेव्हा मिठाच्या पांढऱ्या राशी लागलेल्या असत. चहूकडे पाणी सुकवून मीठ करणारी माणसं आणि मध्ये आम्ही, पिंपाच्या तळाशी वाटी खरवडणारे.

हे पाणी आमच्यापर्यंत आणायचे बाळारामदादा. ते चावीवाले. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. थोडी भातशेती होती, ती बिल्डिंगींखाली गेली. दादा कंत्राटावर पाणी सोडायचं काम करत. सकाळी साडेदहाला त्यांची सायकल यायची, दांडीला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी बांधलेली. रस्त्यातलं झाकण बाजूला करायचं, चावी आत व्हॉल्ववर बसवायची आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकत फिरवायची. मग जमिनीच्या पोटात कुठंतरी गुरगुर व्हायची आणि दादा मान वर करून सगळ्या खिडक्यांना मिळून एकदाच सांगायचे, “आयला पानी. भरा.”

त्यानंतर ते आमच्या दाराशी येत. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग काम विचारतात. आई तांब्या-भांडं पुढं करायची. दादा भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “सगल्या कॉम्प्लेक्सला पानी मी देतो, आन मना पानी वैनी देतात.” दर वेळी तोच विनोद. आई दर वेळी हसायची. त्या उन्हाळ्यातली मला आवडलेली एकच गोष्ट सांगायची तर ती ही.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाणी अजून कमी होणार असं कळलं, तेव्हा त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लावली: सोमवारपासून पाण्यात वीस टक्के कपात. बाळाराम यांना सांगितले आहे. म्हणजे आपली पाळी चुकवू नका, असं सांगितलं आहे. फळा कोण वाचतो? सोसायटीचा नवा नवा ईमेल ग्रुप झाला होता, म्हणून बाबा म्हणाले, “त्याच्यावर पण टाक. लोक हल्ली तेच बघतात.”

कॅफेतल्या त्या प्लायवुडच्या खोक्यात बसून मी नोटीस आधी मराठी फॉन्टमध्ये लिहिली. पण तेव्हा आपल्या मशीनवरचा मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की नुसते चौकोन दिसायचे. म्हणून सगळे करायचे तेच मीही केलं. मराठीला इंग्रजी अक्षरांत बसवलं. Somvarpasun panyat vis takke kapat. Balaram yanna sangitle ahe. पाठवून दिलं आणि उरलेल्या वेळात मैत्रिणींची नेटवरची पानं चाळली.

बघा ते वाक्य. मराठीला ही लिपी घातली की काना-मात्रा दाराबाहेर राहतात. वीस आणि विष एका रांगेत उभे राहतात. कपात आणि कपट एकाच कपड्यात दिसतात. तरीही मधला ‘टक्के’ होता, तो राखण करत होता. पण ईमेल सगळ्यांकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी बाकीच्यांना एसएमएस केला. त्या फोनवर जे, के आणि एल ही तिन्ही अक्षरं पाचच्या बटणावर. दोनदा दाबलं की के, तिसऱ्यांदा दाबलं की एल. कुणाचा तरी अंगठा एकदा जास्त दाबला गेला. टक्केचं टाकले झालं. सोमवार कुठंतरी गळून पडला. आणि आमच्या पंधरा बिल्डिंगींत मेसेज फिरला: पाण्यात विष टाकले. कपट. बाळाराम यांना सांगितले आहे.

‘ध’चा ‘मा’ झाला की तो कुणी केला हे शोधायचं, असंच आपण लहानपणापासून शिकलो. इथं करणारा कुणी नव्हता, एक बटण होतं. पण बटणावर कोण विश्वास ठेवतो? विषाला माणूस लागतो.

बुधवारी वरच्या मजल्यावरच्या सामंतकाकू जिन्यात कुजबुजत होत्या. समोरच्या मेहताभाईंनी बाबांना अडवून विचारलं, “सेक्रेटरीसाब, पानी में कुछ मिलाया है क्या?” गुरुवारपर्यंत त्या वाक्याला कारण मिळालं. पावसाळ्यात महापालिकेची निवडणूक होती. गाववाल्यांना बिल्डिंगवाल्यांची मतं नको आहेत, आजारी पाडून आपल्याला पळवून लावायचं आहे, असं ईमेल आलं. शुक्रवारी मेलेल्या माशांचा फोटो आला. कुठली खाडी, कधीचे मासे, काही नाही. शनिवारी कुणाचा तरी मंत्रालयातला मेहुणा उगवला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी फाइल पाहिली होती. प्रत्येक ईमेलच्या शेवटी लिहिलेलं असायचं की हे पेपरात येणार नाही. आणि पेपरात येत नव्हतं म्हणूनच ते खरं ठरत होतं. लिफ्टशेजारी बाबांच्या अक्षरात ‘वीस टक्के कपात’ तशीच टांगलेली होती. तिच्याखाली उभं राहून लोक विषाबद्दल बोलत.

मला आज त्यांची भीती आठवत नाही. मला आठवतो तो चेहऱ्यांवरचा आनंद. खरंच सांगते. शेजारी राहून ज्यांनी एकमेकांचं नाव विचारलं नव्हतं ती माणसं कंपाउंडमध्ये घोळका करून उभी राहू लागली. प्रत्येकाकडे दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त असायचं. सामंतकाकूंच्या पोटात दुखत होतं तर मेहताभाईंच्या तोंडाला धातूची चव येत होती. कुणी नवं काही सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकायचे, तोंडानं मात्र तो “अरे देवा” म्हणायचा. मुंबईतून इथं फेकले गेलेलो आपण, ना गावाच्या हिशेबात ना शहराच्या. आणि आपल्याला मारायला कुणीतरी चक्क कट करतंय. विष घालण्याइतके आपण कुणाला तरी महत्त्वाचे वाटतो. ही चव त्या लोकांना लागली होती. मला तेव्हाही शिसारी आली होती, आजही येते.

मी ओळखलं ते शनिवारी. कुणाच्या तरी फोनवर तो पहिला मेसेज पाहिला आणि शेवटची ओळ दिसली: बाळाराम यांना सांगितले आहे. ही कुजबुजीची भाषा नव्हती. ही बाबांची नोटिशीची भाषा होती. घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वीस, विष, पाचचं बटण, कागदावर लिहून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून कागद पाहिला. ते चाळीस वर्षं कचेरीत मसुदे तपासलेले गृहस्थ. त्यांना कळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, “असेल. पण आगीशिवाय धूर निघत नाही.”

“बाबा, आग मीच आहे. मी टाइप केलंय.”

“तू बाहेर बोलू नकोस. खाली माझी सही आहे. लोक म्हणतील सेक्रेटरीनंच अफवा पसरवली.” थोड्या वेळानं ते परत म्हणाले, “आणि समजा तुझी चूक झाली. पण त्या लोकांच्या मनात नसेलच कशावरून?”

माझ्या बाबांबद्दल हे लिहायला मला बरं वाटत नाही. ते मूर्ख नव्हते. गिरगावची जागा त्यांनी स्वतःच्या हट्टानं सोडली होती, आईचं न ऐकता. चोवीस तास पाणी ही ओळ त्यांनी स्वतः वाचली होती. आपण फसलो, असं म्हणायला छाती लागते. आपल्याविरुद्ध डाव झाला, असं म्हणायला फक्त शेजारी लागतात. बाबांना त्या आठवड्यात पंधरा बिल्डिंगींचे शेजारी मिळाले होते.

रविवारी दादा आले तेव्हा कंपाउंडमध्ये तीस-चाळीस माणसं उभी होती. दादांनी नेहमीसारखी सायकल भिंतीला टेकवली, चावी सोडली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघतायत. कुणीतरी विचारलं, “क्या डालता है तू पानी में?” दादा हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. दादांचं हसू हळूहळू गेलं.

“मी काय टाकनार? मी निस्ती चावी फिरवतो. पानी तर लांबून येते.”

“तुला काय सांगितलंय ते बोल. मेसेजमध्ये नाव आहे तुझं.”

“सेक्रेटरीसायबांनी सांगितलान, पाली चुकवू नको. आजून काय न्हाय.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पिंपाकडे पाहिलं. मी आमच्या दाराच्या उंबऱ्यावर होते, आई माझ्यामागं. आत्ता बोल, असं आईनं मला हळूच पाठीत ढोसलं. मी बोलले नाही. कारण फार मोठं नव्हतं. सगळे माझ्याकडे वळून बघतील, हसतील, एवढंच.

दादांनी व्हॉल्व उघडला. कंपाउंडातल्या नळाला गुरगुर करत पाणी आलं, आधी लालसर, मग पांढरं. दादांनी नळाखाली लोटा भरला, वर केला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा वरून प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं. लोटा रिकामा करून त्यांनी पालथा धरून दाखवला. “बगा.”

मला वाटलं संपलं. मग मागून शांतपणे कुणीतरी म्हणालं, “उतारा घेऊनच आला असेल.” आणि घोळक्यातून पसंतीचा एक हुंकार फिरला. ज्याच्याकडे दोन्ही बाजूंचं उत्तर तयार आहे, त्याच्यापुढं माणूस काय पिणार? प्यायला नसता तर घाबरला म्हणाले असते. प्यायला तर उतारा. दादा लोटा हातात घेऊन उभे राहिले. त्या दिवशी ते आमच्या दाराशी आले नाहीत. आई तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

सोमवारी महापालिकेकडे दादांविरुद्ध तक्रारअर्ज तयार झाला. तो इंग्रजीत हवा होता, म्हणून बाबांनी मला सांगितला. मी टाइप केला. स्पेलिंग दोनदा तपासलं. या वेळी एकही अक्षर चुकलं नाही. त्यात विष हा शब्द नव्हता. ‘रहिवाशांचा विश्वास उडाला आहे’ असं सभ्य वाक्य होतं. पंधरा बिल्डिंगींच्या सह्या होत्या. महिन्याभरात दादांच्या जागी दुसरा चावीवाला आला. पाण्याची तपासणीही झाली, पाणी शुद्ध निघालं. तो रिपोर्ट बाबांनी फळ्यावर लावला. सामंतकाकू त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, “मॅनेज केलेला आहे.”

मग पावसाळा आला, निवडणूक झाली, पिंपं भरू लागली आणि विष विरघळून गेलं. माफी कुणी मागितली नाही, कारण आपण काही केलंय असं कुणाला वाटलंच नाही. आजही विचारा, म्हणतील, हो, काहीतरी झालं होतं खरं त्या वर्षी पाण्याचं. अफवा मरत नाही ती यामुळेच. ती खोटी ठरते, पण तो निकाल वाचायला कुणी जात नाही. तिच्याबरोबर वेळ बरा गेला होता, एवढं मात्र लक्षात राहतं.

बाबांच्यात एक फरक कायमचा पडला. पाणी पिण्याआधी ते भांडं नाकाशी नेऊ लागले. ज्यांना खरं काय ते माहीत होतं, ज्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला होता, ते बाबा. उन्हाळा आला की हटकून. आई चिडायची, मी नक्कल करायचे. शेवटच्या आजारपणात त्यांना चमच्यानं पाणी पाजत होतो, तर ते चमच्याचाही वास घ्यायचे. तेव्हा मी नक्कल केली नाही.

तर या एप्रिलला तो मेसेज परत आला. आता फॉन्टची अडचण राहिलेली नाही. स्वच्छ देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घासकट आला. इंग्रजी अक्षरांतून कुणीतरी त्याला बाहेर काढताना बाळारामचा बलराम केला होता आणि दिल्लीला पाठवलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, हे मी लिहिलेलं वाक्य आहे, मूळ शब्द वीस टक्के कपात असे होते. पाच मिनिटांत उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?” दुसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. तिसऱ्यानं तोच मेसेज पुन्हा टाकला.

मी चपला घातल्या आणि रिक्षा करून गोडदेवला गेले. वाण्याच्या दुकानात विचारलं. जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी आहे, तिच्या तळमजल्याला दादा राहतात. केस पांढरे झालेत, पण खांदे तेच, चावी फिरवून रुंद झालेले. दारात मला पाहून क्षणभर थांबले. “सेक्रेटरीसायबांची पोर ना तू? ये. बस.”

मी लगेच सांगून टाकलं. आणखी थांबले असते तर परत गप्प बसले असते. कागद मागितला, लिहून दाखवलं. हा वीस, हे विष, हे पाचचं बटण. फोन हातात घेऊन बोटानं दाबून दाखवलं, दोनदा, तीनदा. दादांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“म्हंजी मुद्दाम कुनी केलान न्हाय?”

“नाही.”

“कुनीच न्हाय?”

“मी लिहिलं. मग ते चुकलं. मग मला कळलं आणि मी गप्प बसले. त्या रविवारी मी दारातच उभी होते, दादा.”

ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. “मना वाटायचा रमेशनी केलान,” ते म्हणाले. रमेश म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, समोरचंच दार. “माजी चावी त्यालाच भेटली ना मंग. आजून काय पुरावा पायजे? त्यानंच नाव घातला माजा, त्यानंच फिरवला सगला, आसा मी धरून बसलो. तो किती वेला बोलला, मी न्हाय केला. तवा मी बोललो, जो करतो तो आसाच बोलतो.” त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “तवापासून त्याच्या दारात गेलो न्हाय. गेल्या दिवालीत गेला तो. खांदा द्याला पन गेलो न्हाय मी.”

पंधरा बिल्डिंगींचा राग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. त्या खोलीत तो कुठं ठेवावा ते मला कळेना. याच माणसावर आम्ही विष टाकल्याचा आळ घेतला, आणि याच माणसानं तेच पाणी भावाच्या दारात नेऊन ओतलं. यात मूर्ख कोण आणि शहाणा कोण? मला फक्त किळस आली, आणि ती त्यांची नव्हती.

तेवढ्यात त्यांची बायको पाणी घेऊन आली. तांब्या, भांडं, वाटीत गुळाचा खडा. आमच्यामुळं ज्यांचं आमच्या दारात पाणी प्यायला येणं बंद झालं होतं, त्यांच्या घरी मला कुणी न विचारता पाणी आलं. मी भांडं उचललं. ऊन फार होतं, घसा सुकला होता.

मला कळलं ते दादांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर. भांडं माझ्या ओठांशी नव्हतं. नाकाशी होतं. मी वास घेत होते.

दादांनी हात पुढं करून माझ्या हातातलं भांडं घेतलं, मान मागं केली आणि त्यातला एक घोट वरून, तोंड न लावता, प्यायले. हनुवटी पुसली. भांडं परत माझ्या हातात दिलं.

“पी आता,” ते म्हणाले.